तुरो-तुरो: मनीलात पहिल्यांदा लोकल खानावळीत जेवलो, आता बायकोला कसं नेऊ?

मूळगाव_चिपळूण

नमस्कार मंडळी,

सहा महिने झाले, कंपनीने मनीलाला पाठवलंय. माकातीत ऑफिस आहे, घर तिथून चालत पंधरा मिनिटं. एवढे दिवस दुपारी डबा आणि शनिवारी पंजाबी हॉटेल असंच चाललं होतं, कारण आल्या आल्या सगळ्यांनी सांगितलं होतं की इथे आपल्याला खाण्यासारखं काही नाही, सगळं डुक्कर. मीपण ते मानून बसलो.

गेल्या आठवड्यात डबा घरी विसरला. टीममधल्या सिनियर बाई, त्यांना सगळे 'आते' म्हणतात (मोठ्या बहिणीला म्हणतात तसं, आपल्या आत्याशी संबंध नाही), त्या म्हणाल्या चल, आमच्या नेहमीच्या ठिकाणी. मागच्या गल्लीत एक खानावळ, बोर्डावर मालकिणीचं नाव आणि पुढे 'ईटरी', बस. बारा वाजता रांग रस्त्यापर्यंत. सिक्युरिटी गार्ड, बँकेतले लोक, नर्सेस, टॅक्सीवाले सगळे एकाच रांगेत.

काउंटरवर पंधरा-सोळा अ‍ॅल्युमिनियमची पातेली ओळीने. झाकण आपणच उचलून बघायचं आणि जे हवं त्याच्याकडे बोट दाखवायचं. म्हणूनच ह्याला तुरो-तुरो म्हणतात, 'तुरो' म्हणजे बोट दाखवणं. पातेल्यांच्या वर एक छोटी मोटर, तिला प्लास्टिकच्या पट्ट्या बांधलेल्या, त्या गोल गोल फिरतात म्हणजे माशी बसत नाही. चमचे-काटे उकळत्या पाण्याच्या डब्यात उभे. भात वाटीने दाबून मूद पाडून देतात. मूद बघितली आणि मला एकदम सत्यनारायणाचं जेवण आठवलं.

मी मासे, चिकन, मटण खातो, पोर्क-बीफ नाही. आतेने मालकिणीला सांगितलं, तिने तीन पातेल्यांवर 'हे नको' अशी मान हलवली आणि दोन पुढे केली. एक सिनिगांग, बांगुस नावाच्या माशाचं. दुसरं लाइंग, म्हणजे अळूची पानं नारळाच्या दुधात, वर हिरवी मिरची.

सिनिगांगचा पहिला चमचा घेतला आणि थांबलोच. चिंच! आपल्या आईच्या हातचं पातळ सार, फक्त त्यात मासा, मुळा, टोमॅटो आणि अळकुडी विरघळून थोडं दाट झालेलं. बांगुसला काटे आपल्या भिंगासारखे, पण कोकणातल्या माणसाला काट्यांचं काय. आणि लाइंग म्हणजे तर फदफदं हो, दाणे आणि मुळ्याऐवजी नारळाचं दूध. दोन मुदी भात खाल्ला. बरोबर सूपची एक वाटी फुकट. एकूण दीडशे पेसो, म्हणजे सव्वादोनशे रुपयांच्या आसपास.

निघताना मालकीण काहीतरी म्हणाली, आतेने सांगितलं की ती विचारतेय, पोट भरलं का. परक्या देशात सहा महिन्यांनी मला कोणीतरी हे विचारलं.

आता प्रश्न. बायको पुढच्या महिन्यात येतेय, ती पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मला तिला ह्याच ठिकाणी न्यायचंय, हॉटेलात नाही. तिला तिथे काय खाता येईल? इथे राहिलेल्यांनी सांगा. आणि तुम्ही पहिल्यांदा अशा ठिकाणी जेवलात तेव्हा काय झालं तेही लिहा.

पोळीभाजी

मस्त लिहिलंय. पण शाकाहारी माणसाला तिथे नेऊच नका असं माझं मत. चार वर्षं क्वेझॉन सिटीत काढली. भाजी म्हणून मागवाल त्यात पोर्कचे तुकडे, ते काढले तर कोळंबी, ती काढली तर फिश सॉस. त्यांच्या मनात काही वाईट नसतं, त्यांच्यासाठी ती भाजीच असते. आपल्याकडे फोडणीत हिंग घातलं म्हणून कोणी हिंगाची भाजी म्हणत नाही तसंच.

डेकवरचा

जहाजावर अठरा वर्षं. माझं पहिलं फिलिपिनो जेवण जमिनीवर नाही, पाण्यावर झालं. चीफ कुक फिलिपिनो, मेसमन फिलिपिनो, निम्मा क्रू फिलिपिनो. जगात जिथे जाल तिथे जहाजावर हे लोक असतातच. सुरुवातीला मीही तोंड वाकडं करायचो. मग एकदा बिस्केच्या उपसागरात तीन दिवस हवामान इतकं खराब की पोटात काही टिकेना. कुकने आलं घातलेलं चिकनचं पातळ पाणी दिलं, त्यात कच्ची पपई आणि शेवग्याचा पाला. तिनोला म्हणतात त्याला. मी वाटी धरून बसलो होतो आणि तो समोर उभा, अजून घे म्हणत. त्या दिवसापासून मी त्या जेवणाला नावं ठेवत नाही.

पुढे मनीलाला साइन ऑफ झालो तेव्हा त्याच कुकने घरी नेलं आणि घराजवळच्या कारिनदेर्यात (म्हणजे अशीच साधी खानावळ) बसवलं. तुम्ही वर्णन केलंय तसंच सगळं. त्यांच्याकडे कोणी भेटलं की पहिलं विचारतात 'कुमाइन का ना?', म्हणजे जेवलास का. गावाकडे आपण हेच विचारतो ना.

अनुजा_क

लाइंग आणि फदफदं हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, वाचल्यावर एकदम पटलं. मी नागाला गेले होते कामाला, बिकोल भागात, लाइंग तिथलंच. तिथे अळूची पानं वाळवून घेतात. आणि शिजत असताना ढवळू देत नाहीत! मी चमचा घातला तर बाईने हातच धरला. ढवळलं तर खाजतं म्हणे. मी तिला सांगितलं आमच्याकडे खाजू नये म्हणून चिंच घालतात. ती बराच वेळ विचार करत होती, मग म्हणाली, चिंच घातली तर ते सिनिगांग होईल.

सानपाडा_फास्ट

मला नाही आवडलं बुवा. सगळं एकतर गोड नाहीतर आंबट नाहीतर तेलकट. मसाला नाहीच. आणि ती गोड स्पॅगेटी तर कळसच, साखर घातलेली, वर सॉसेज. बिल दिलं आणि बाहेर येऊन वडापावची आठवण काढली.

दावावची_डॉक्टरीण

@सानपाडा_फास्ट, स्पॅगेटीतला तो सॉस केळ्याच्या केचपचा असतो. त्याच्यामागची गोष्ट कळली तर कदाचित तुम्ही तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघाल. मारिया ओरोसा नावाची फूड केमिस्ट होती. टोमॅटो बाहेरून आणावे लागायचे, केळी मात्र दारात, म्हणून केळ्याचा केचप करायचं श्रेय तिला देतात. युद्धात लोकांना पोषण मिळावं म्हणून तिने सोयाबीनची पावडर बनवली, ती कैदेत असलेल्यांपर्यंत पोचवली. १९४५ मध्ये मनीलाच्या लढाईत ती गेली. माझ्या प्रोफेसरबाईंनी हे पहिल्या वर्षी सांगितलं होतं आणि नंतर मला त्या गोड चवीची चीड येईनाशी झाली.

मसाला नाही हे मात्र खरं नाही. त्यांचा मसाला ताटात नसतो, टेबलवर असतो. सावसावान म्हणतात. कालामान्सी म्हणजे इटुकलं लिंबू, सोया सॉस, व्हिनेगर, लवंगी मिरचीसारखी तिखट सिली. प्रत्येकाने आपल्या वाटीत आपल्याला हवं तसं कालवायचं. कुकने चव ठरवायची नाही, खाणाऱ्याने ठरवायची. हे तुम्हाला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं नसेल म्हणून फिकं लागलं.

सानपाडा_फास्ट

हे खरंच कोणी सांगितलं नव्हतं. मी त्या बाटल्या सोडून कोरडंच खाल्लं होतं. केळ्याच्या केचपचं माहीत नव्हतं, धन्यवाद.

गोंयकार_मडगांव

आमच्या गोंयकारांक हें जेवण परकं नाय हो. (मराठीत लिहितो.) त्यांचं व्हिनेगर माडाच्या ताडीचं, आमचंही. त्यांचं दिनुगुआन, आमचं सोरपोतेल, रक्त दोन्हीकडे. त्यांची बिबिंका आमच्या बेबिंकाच्या नावाची बहीण, पदार्थ मात्र वेगळा. त्यांची तांदळाची, खाली निखारे वर निखारे, केळीच्या पानावर भाजलेली, नाताळच्या आधीच्या नऊ पहाटेंच्या मिसेनंतर चर्चबाहेर गरम गरम मिळते. आमची थराथरांची, अंड्याच्या बलकाची.

आणि बागोओंग आलामांग! मी पहिल्यांदा बाटली उघडली आणि वास आला तेव्हा म्हटलं हा तर जवळा. तोच, जवळ्याची मिठात मुरवलेली चटणी. कच्च्या कैरीच्या फोडीला लावून खातात. एकदा खाऊन बघा, तिखटमीठ विसराल.

पोळीभाजी

तिखटमीठ विसरणार नाही हो :) पण कैरी-जवळा हे ऐकूनच तोंडाला पाणी सुटलं, आणि मी तर शाकाहारी.

रानवाटा_७

एक शंका. कारे-कारे नावाचं एक असतं ना, शेंगदाण्याच्या रश्श्यातलं? आमच्या कंपनीतले फिलिपिनो त्याचं फार कौतुक करतात. 'कारे' म्हणजे करी का? आपला काही संबंध?

बखरवाला

@रानवाटा_७, संबंध जोडतात आणि त्याला थोडा इतिहासाचा आधारही आहे. १७६२ मध्ये इंग्रजांनी मनीला घेतलं, स्पॅनिशांकडून, आणि १७६४ ला सोडलं. त्यांच्या सैन्यात मद्रासचे शिपाई होते. इंग्रज गेले तरी ह्यातले काहीजण परत गेलेच नाहीत, मनीलाच्या पूर्वेला काइंता नावाचं गाव आहे तिथे राहिले, लग्नं केली. काइंतात आजही लोक आपल्या घराण्याचं मूळ शिपायांशी जोडतात. कारिनदेर्या ह्या शब्दाच्या पोटात जो 'कारी' आहे तो ह्याच करीचा असं मानणारे बरेच. कारे-कारेबद्दल मात्र पंपांगा प्रांतातले लोक वेगळं सांगतात, ते म्हणतात हे आमचंच. त्यांच्यासमोर वाद घालू नका, पंपांगाचे लोक स्वयंपाकाच्या बाबतीत कोल्हापूरकरांइतकेच मानी.

शेंगदाणा मात्र तिथे मेक्सिकोतून आला. मनीला ते आकापुल्को अशी गलबतं १५६५ पासून १८१५ पर्यंत अडीचशे वर्षं जात-येत होती. मिरची, टोमॅटो, शेंगदाणा हे सगळं अमेरिका खंडातलं. चिकूसुद्धा तिकडलाच, मनीलात त्याला 'चिको' म्हणतात. आपल्याकडे हीच मंडळी पोर्तुगीजांच्या जहाजांतून उतरली. म्हणजे दाण्याची आमटी आणि कारे-कारे दोन वेगळ्या बंदरांतून येऊन एकाच वाटीत बसले असं म्हणा.

अवांतर: चवीला ते 'लासा' म्हणतात, तो आपला 'रस'. चेहरा म्हणजे 'मुखा', शिक्षक म्हणजे 'गुरो'.

रानवाटा_७

वा! पण कारे-कारेत बीफ असतं ना?

बखरवाला

हो. बैलाची शेपटी आणि वजडी. न खाणाऱ्यांनी नुसता रस्सासुद्धा घेऊ नये, तो त्यातच शिजतो.

साधीसुधी

मला थोडं वेगळं लिहायचंय. सेबूला गेले होते तेव्हा रस्त्यावरच्या एका ठिकाणी जेवले आणि दोन दिवस हॉस्पिटलला. दुपारचं माशाचं कालवण रात्री नऊला घेतलं होतं, चूक माझीच, पातेलं जवळजवळ रिकामं होतं आणि कोमट. त्या जागेचं नाव घेत नाही, वाईट माणसं नव्हती. पण नवीन माणसाने उशिरा जाऊ नये एवढं नक्की. आणि पाणी बाटलीचं.

डेकवरचा

@साधीसुधी, अगदी बरोबर. तुरो-तुरोत साडेअकरा ते साडेबारा. रांग असेल तिथेच जायचं, पातेली तासाभरात रिकामी होतात म्हणजे शिळं राहायला वेळच नसतो. रिकामी खानावळ दिसली की पुढे चालायचं.

अनुजा_क

सेबू म्हटलं की पुसो. भात नारळाच्या पात्यांच्या विणलेल्या पुड्यांत शिजवतात आणि घडच्या घड टांगून ठेवतात. एक तोडायचा, सुरीने मधोमध उघडायचा, वाफ निघते. माझ्या आजीच्या हळदीच्या पानातल्या पातोळ्यांचा वास नाही पण हिरव्या पानात शिजलेल्या तांदळाचा वास तोच. हातात प्लास्टिकचे मोजे देतात हाताने खायला. मी काढून टाकले. शेजारच्या आजी हसल्या आणि त्यांनीपण काढले.

दावावची_डॉक्टरीण

हाताने खाण्यावरून: 'कामाय' म्हणजे हात, हाताने जेवणं ते 'कामायान'. एरवी ते चमचा-काट्याने खातात, चमचा उजव्या हातात, काटा डावीकडून ढकलायला. सुरी नसतेच. हॉस्टेलवर आम्ही मराठी मुलं-मुली वरणभात कालवून हाताने खायचो, लपून. एक दिवस मेसच्या बाईंनी बघितलं, म्हणाल्या आम्हीपण घरी असंच खातो, लपता कशाला. रविवारी त्यांनी लांब टेबलवर केळीची पानं पसरली, मधोमध भाताची रास, बाजूला मासे, वांगी, कैरी, आणि सगळ्यांनी उभं राहून दोन्ही बाजूंनी हाताने. बूडल फाइट म्हणतात त्याला, लष्करातून आलेली पद्धत. माझ्या घरी लग्नाच्या पंगतीतही मी इतकी जेवले नसेन.

बाराखडी

भातावरून आठवलं. आपल्यासारखेच त्यांच्याकडे भाताला वेगवेगळे शब्द आहेत! शेतातलं ते 'पालाय', आपली साळ. कांडलेला तो 'बिगास', आपला तांदूळ. शिजला की 'कानिन', भात. तळाला लागलेला 'तुतोंग', आपली खरवड. रात्रीचा उरलेला 'बाहाव', शिळा भात. आणि त्याला सकाळी लसूण घालून परतला की 'सिनांगाग', म्हणजे फोडणीचा भात, मोहरी-हळद सोडून. भाताबरोबर जे काही असतं ते सगळं 'उलाम'. ह्याला इंग्रजीत शब्द सापडत नाही म्हणून ते लोक अडतात, आणि आपल्याकडे सरळ आहे: कालवण. मी मनीलात भाषांतराचं काम करते, रोज अडते, ह्या शब्दांना मात्र कधी अडले नाही.

सानपाडा_फास्ट

तिकडे अनलिमिटेड भात मिळतो ना काही ठिकाणी?

बाराखडी

'अनली राइस'. फार जिव्हाळ्याचा विषय. २०१७ मध्ये सिनेटर सिंथिया व्हिलार म्हणाल्या होत्या की हे बंद करावं, एवढा भात तब्येतीला बरा नाही. लोक इतके दुखावले की त्यांना लगेच मागे घ्यावं लागलं. कोकणात कोणी तसं म्हणून बघावं.

घाटकोपर_ते_दुबई

मी दुबईला. इथे सातवा आणि करामा भागात फिलिपिनो खानावळी भरपूर, शुक्रवार-रविवारी उभं राहायला जागा नाही. माझ्या बाजूच्या डेस्कवरची मुलगी मला 'बुम्बाय' म्हणाली, मी म्हटलं हो, मी बॉम्बेचाच, तुला कसं कळलं? ती लाजली. त्यांच्याकडे सगळ्याच भारतीयांना बुम्बाय म्हणतात, मग तो पंजाबी असो की सिंधी. मोटरसायकलवर फिरून पाचाचे सहा अशा व्याजाने पैसे देणारे भारतीय तिकडे असतात, त्यांच्यासाठी हा शब्द पक्का झालाय, आणि लहान मुलांना भीती घालतात की बुम्बाय नेईल तुला. मला वाईट वाटलं खरं. पण त्याच मुलीने मला पहिल्यांदा सिनिगांग खाऊ घातलं, आणि त्यानंतर मी आईकडून तिच्यासाठी कोकम आणवलं. तिने आंबटपणासाठी कोकम घालून सिनिगांग केलं. रंग लालसर आला. तिच्या आईला व्हिडिओ कॉलवर दाखवत होती.

मूळगाव_चिपळूण

कोकमाचं सिनिगांग! हे मी करणार. सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. पण बायकोचा प्रश्न तसाच राहिलाय हो. तिकीट झालंय तिचं.

पोळीभाजी

माझं मत आधीच दिलंय. पण तुमची इच्छा मोठी दिसते.

दावावची_डॉक्टरीण

@मूळगाव_चिपळूण, ऐका. मी सहा वर्षं दावावला शाकाहारी राहून काढली आहेत, खानावळीतच जेवून, तेव्हा अशक्य नाही. कष्टाचं आहे.

पहिलं म्हणजे 'व्हेजिटेरियन' हा शब्द वापरू नका. त्याचा अर्थ तिकडे 'भाज्या आवडतात' एवढाच घेतात. शब्द आहे 'साहोग', म्हणजे भाजीला चव यावी म्हणून घातलेलं थोडंसं मटण-मासा. 'मे साहोग बा?' असं विचारायचं, साहोग आहे का. मग त्यांना लगेच कळतं. आणि प्रत्येक वाक्यात 'पो' लावा, आपल्या 'हो, अहो'सारखं, मोठ्यांशी बोलताना. 'पो' लावलात की बाई तुमच्यासाठी जीव टाकते.

दुसरं, पातेल्यातल्या तयार भाजीवर विसंबू नका. पिनाकबेतमध्ये भोपळा, वांगं, भेंडी, कारलं, चवळीच्या शेंगा, दिसायला आपली मिक्स भाजी, पण बागोओंगशिवाय ते पिनाकबेत होतच नाही. चॉपसुईत ऑयस्टर सॉस. लाइंगमध्ये कोळंबी किंवा पोर्क. कालाबासा म्हणजे भोपळा, तो नारळाच्या दुधात करतात, त्यात कोळंबी. फुकटचं सूप हाडांचं. सिनिगांगच्या तयार क्यूबमध्येही काय असेल सांगता येत नाही. भाजलेलं वांगं मिळतं पण ते अंड्यात बुडवलेलं.

तिसरं आणि मुख्य: शुक्रवार. कॅथलिक लोक शुक्रवारी मांस टाळायचे, विशेषतः उपासाच्या दिवसांत, म्हणून कारिनदेर्यात शुक्रवारी मोंगो करायची रीत आहे. मोंगो म्हणजे मूग. आपलेच हिरवे मूग, लसूण-कांदा-टोमॅटोवर, शेवग्याचा पाला नाहीतर कारल्याचा पाला घालून. मुगाची आमटीच. त्यातही वरून चिचारोन म्हणजे तळलेली पोर्कची साल घालतात, नाहीतर सुका मासा. पण मूग आधी वेगळे उकडतात! तर गुरुवारी जा, मालकिणीला विनंती करा की उकडलेले मूग थोडे बाजूला ठेवाल का पो, आणि वेगळ्या छोट्या कढईत फोडणी द्याल का. सकाळी, गर्दीच्या आधी. जरूर करतील. माझ्यासाठी सहा वर्षं केलं एका बाईंनी.

पोळीभाजी

चार वर्षं राहिलो आणि शुक्रवारचं हे मला कोणी सांगितलं नाही. म्हणजे मी विचारलंच नाही. वाईट वाटतंय.

गोंयकार_मडगांव

आमच्या गोव्यातही शुक्रवारी तसंच. मूग मात्र नाही, मासा.

अनुजा_क

आणि हिरव्या भाजीसाठी कांगकोंग बघा, ती आपली नाळीची भाजी. नुसती लसणावर परतून मागा. आणि शेवटी तुरोन, केळं आणि फणसाचा गरा पातळ पोळीत गुंडाळून साखरेत तळलेला. तेल कुठलं ते विचारून घ्या फक्त.

मूळगाव_चिपळूण

(पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतोय, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गुरुवारी ऑफिसातल्या आतेला बरोबर घेऊन गेलो. 'साहोग' शब्द वापरला, 'पो' लावला. मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला: धार्मिक कारण आहे की तब्येत बरी नाही? मी म्हटलं लहानपणापासूनच. त्या म्हणाल्या मग कढई नवीन काढते, जुन्या कढईला वास असतो. हे मी सांगितलंसुद्धा नव्हतं.

शुक्रवारी साडेदहाला आम्ही दोघं. दुकान उघडून जेमतेम झालेलं, पातेली अजून चुलीवरच. बाईंनी आम्हाला काउंटरच्या आत बोलावलं. छोटी कढई, त्यात लसूण इतका की माझी बायको म्हणाली बास बास, मग कांदा, टोमॅटो चमच्याने चिरडून, मग मूग, आणि शेवटी बायकोच्याच हातात शेवग्याची डहाळी दिली, पाला ओरबाडायला. तिला ते शिकवावं लागलं नाही. देठ चिमटीत धरून एका ओढीत सगळी पानं उतरवली तिने, आणि बाई ओरडून बाकीच्या दोघींना म्हणाल्या, बघा बघा. त्या दोघी हातातलं काम टाकून बघायला आल्या. मग तिघींनी मिळून पूर्ण जुडी साफ केली, माझ्या बायकोला तगालोग येत नाही आणि त्यांना मराठी येत नाही, पण पाला निवडायला भाषा लागत नव्हती.

मूद, मोंगो, कांगकोंग लसणावर, कालामान्सी. बायकोने हाताने कालवून खाल्लं. तिला आवडलं, पण खरं सांगायचं तर पहिल्या घासाला म्हणाली, जिरं हवं होतं. मी बाईंना सांगितलं नाही. तिनेच खुणेने सांगितलं, पर्समधून डब्बी काढून. (ती मिसळणाची डब्बी घेऊन फिरते हे मला त्या दिवशी कळलं.) बाईंनी दोन दाणे चावून बघितले, डोळे मिटून, आणि मग चिमूटभर कागदात बांधून ठेवून घेतलं.

पैसे विचारले तर ऐंशी पेसो, दोघांचे. भांडून शंभर दिले.

दावावची_डॉक्टरीण

डोळ्यांत पाणी आलं वाचून. माझ्या दावावच्या बाईंना आज फोन करते.

डेकवरचा

नवीन कढई काढली! मला नवल नाही वाटलं, पण वाचून फार बरं वाटलं.

पोळीभाजी

जानेवारीत मनीलाला चार दिवस येतोय. गल्ली सांगा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मूळगाव_चिपळूण

केला. शुक्रवारीच या आणि आदल्या दिवशी मला कळवा, मी बाईंना सांगून ठेवतो. साडेदहाला पोचा, बारा वाजता मोंगो संपतो.